पन्हाळा पहिल्यांदा बघताना: आधी पाणी, मग धान्य, मग दरवाजे

कोल्हापुरात कुणाकडे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशीचा बेत ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, आणि उन्हं कलली की कुणीतरी म्हणणारच, "चला, पन्हाळ्यावर एक चक्कर टाकून येऊ." गाडी चार दरवाज्यातून आत जाते, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो होतो, तीन दरवाजा आणि सज्जा कोठी होते, कणीस खाऊन मंडळी अंधाराच्या आत खाली उतरतात. मीही कितीतरी पाहुण्यांना असंच फिरवून आणलं आहे. एका वर्षी आत्येभावाची दहा वर्षांची मुलगी, आदिलशाही सरदार सिद्दी जौहरनं १६६० मध्ये शिवरायांना इथं चार महिने वेढलं होतं ती गोष्ट ऐकून, परतीच्या वाटेवर म्हणाली, "काका, एवढी माणसं चार महिने वर कोंडून होती, मग ती पाणी कुठलं प्यायची?" अंधारबाव, म्हणजे गडावरची झाकलेली विहीर, मला माहीत होती. अर्ध्या तासापूर्वी आम्ही तिच्या शेजारून गेलो होतो, पण मी ती उतरून दाखवली नव्हती. त्या दिवसापासून मी पन्हाळा वेगळ्या क्रमानं दाखवतो. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी तोच क्रम इथे लिहितो आहे.

वर जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, ते नांदतं गाव आहे. तीनेक हजार वस्तीचं, स्वतःची नगरपरिषद असलेलं, तालुक्याचं ठिकाण. तटाच्या आत घरं आहेत, शाळा आहेत, तहसील आहे, दवाखाना आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर आज फक्त जोती उरली. पन्हाळ्यावर माणसं राहिली, त्यामुळे इथं इतिहास आणि संसार एकाच गल्लीत भेटतात. तुम्ही कुणाच्या तरी गावात पाहुणे म्हणून जाता आहात, हे मनात ठेवून फिरलं की बघण्याची नजर आपोआप बदलते.

जुन्या लिखाणात या गडाचं नाव पर्णालक असं येतं. बाराव्या शतकाच्या शेवटी कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसरा भोज इथून राज्य करत होता. त्याला यादव राजा सिंघणानं हरवलं, पुढे बहमनी आले, मग विजापूरची आदिलशाही. आज उभ्या दिसणाऱ्या मोठ्या इमारतींपैकी बऱ्याचशा आदिलशाहीतल्या. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान पडला आणि तो महिना संपायच्या आत पन्हाळा शिवरायांच्या ताब्यात आला. त्यानंतर तो कधी गेला, कधी परत मिळाला. ताराराणींनी इथून कारभार केला, आणि १७८२ मध्ये गादीचं ठाणं खाली कोल्हापूरला हललं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. कोल्हापूरकराला त्याचं अप्रूप आहेच, पण यादी झाल्यामुळे गर्दी वाढते, आणि म्हणूनच नीट बघायचं तर आता दिवस निवडूनच गेलं पाहिजे.

दिवस निवडा

रविवार टाळा. पन्हाळ्याच्या वाटेवरच जोतिबाचा फाटा आहे आणि रविवार हा जोतिबाचा वार. त्यात शहरातल्या मंडळींची सहलीची गर्दी मिसळते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते, तेव्हा तर सगळा रस्ता सासनकाठ्यांचा आणि गुलालाचा असतो. ती यात्रा आयुष्यात एकदा बघावीच, पण तिच्यासाठी वेगळं यावं. एका दिवसात दोन्ही करू म्हणणाऱ्याचं दोन्ही राहतं.

सप्टेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस ओसरलेला असतो, तटावर गवत हिरवं असतं आणि हवा स्वच्छ असली की पूर्वेकडे खाली पंचगंगेच्या काठचा ऊसपट्टा लांबवर दिसतो. जून ते ऑगस्टमध्ये गड ढगात असतो. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, सगळीकडे पाणी ठिबकतं, आणि खरं सांगायचं तर वेढ्याची गोष्ट कळायला हाच मोसम सगळ्यात जवळचा. पण मग धोका ओळखून या. पंचगंगेला पूर आला की शिवाजी पुलापलीकडच्या आंबेवाडी-चिखली भागात रत्नागिरी रस्त्यावर पाणी येतं आणि वाट बंद होते. २०२१ च्या जुलैत तर पन्हाळ्याच्या तोंडाशीच रस्ता खचला होता आणि कित्येक दिवस वर गाडी जात नव्हती. पावसाळ्यात निघण्याआधी त्या दिवशीची बातमी बघा, आदल्या आठवड्याची नको.

उन्हाळ्यात वर हवा बरी असते, म्हणून पूर्वीपासून लोक येतात. फिरायचं मात्र सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर.

कसं पोचायचं

कोल्हापूरहून अंतर वीसेक किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून, म्हणजे सगळे ज्याला सीबीएस म्हणतात तिथून, एसटी सुटते आणि साधारण तासाभरात वर पोचवते. मी स्वतः पहिल्यांदा येणाऱ्याला एसटीच सुचवतो. शिवाजी पूल, मग सपाटीवरची उसाची शेतं, केर्ली, जोतिबाचा फाटा, आणि वाघबिळाशी आल्यावर मुख्य रस्ता रत्नागिरीकडे जातो, आपण वर वळतो. या वळणावर बस घरघरते आणि खिडकीतून गडाचा कडा अंगावर येतो. भोवतालच्या सपाटीपासून गड चारशे मीटरहून उंच आहे. आपली गाडी चालवताना माणूस वळणं बघतो, कडा बघायचा राहून जातो.

परतीच्या बसची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. "दादा, शेवटची गाडी कितीला?" एवढा प्रश्न पुरतो. फोनवर सापडलेल्या वेळापत्रकापेक्षा त्यांचं उत्तर खरं असतं. स्वतःच्या गाडीनं आलात तर नाक्यावर प्रवासी कर भरावा लागतो, सुट्टे पैसे हाताशी असू द्या. वर गेल्यावर गाडी एका जागी लावून टाका. ठिकाणापासून ठिकाणापर्यंत गाडीनं गेलं की मधला गड हरवतो, आणि गड कळतो तो मधल्या चालण्यातच. तटबंदीची लांबी सात किलोमीटरहून जास्त आहे. सगळी एका दिवसात चालायची गरज नाही, पण पायात चांगले बूट हवेत. चपलेनं अंधारबावेत उतरू नका.

पहिली पायरी: पाणी

सकाळी पोचलात की सरळ गावाच्या पश्चिम टोकाला, तीन दरवाज्याकडे चालत जा. मात्र दरवाज्यात न शिरता आधी शेजारच्या काळ्या दगडी इमारतीकडे वळा. ती अंधारबाव, काहीजण तिला शृंगारबाव म्हणतात. बाहेरून ती विहीर वाटतच नाही. एखादी छोटी, जाड भिंतींची कोठी वाटते, आणि ती तशी वाटावी हाच बांधणाऱ्याचा हेतू.

इमारत तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर पहारेकऱ्यांना राहायला जागा, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघायची चोरवाट, आणि अगदी तळाला पाणी. वेढा घालणारा शत्रू पहिल्यांदा पाण्यावर उठतो. उघडी विहीर असेल तर तिच्यात विष कालवतो, मेलेलं जनावर टाकतो. म्हणून गडाचं पाणी घरात झाकून ठेवलं, त्याच्यावर शिपाई बसवले आणि कोंडी झालीच तर तिथूनच बाहेर पडायची सोय केली. एका इमारतीत एवढा विचार.

पायऱ्या उतरताना घाई करू नका. दुसऱ्या वळणावर बाहेरचा आवाज एकदम तुटतो. हाताला लागणारी भिंत थंड आणि किंचित ओली असते, भर मे महिन्यातही. एका बाजूला कमानीचा झरोका आहे. त्याच्याशी उभं राहिलं की तटाबाहेरची दरी आणि तिच्यातली झाडं चौकटीत बसवल्यासारखी दिसतात. मी तिथे नेहमी थोडा वेळ काही न बोलता उभा राहतो. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी इथे कुणीतरी भाला धरून याच चौकटीतून खालच्या छावणीतले जाळ मोजले असतील. बरोबर मुलं असतील तर त्यांना तो झरोका स्वतः शोधू द्या, तुम्ही दाखवू नका.

एक कळकळीची विनंती. आत दगडावर नावं कोरलेली दिसतील, बदामाच्या आकारात. आणि तळाशी पाण्यात बाटल्या. ज्या पाण्याला शत्रूच्या विषापासून वाचवायला तीन मजली इमारत उठवली, त्यात आपण आपल्या हातानं प्लास्टिक टाकतो, हे मला फार लागतं. पिशवी बरोबर ठेवा. आपला कचरा खाली घेऊन या, जमलं तर दुसऱ्याचा एखादा तुकडाही उचला.

पाण्याचं दुसरं रूप म्हणजे सोमेश्वर तळं. हे उघडं, मोठं, गावाच्या रोजच्या वापराचं. काठाशी सोमेश्वराचं देऊळ आहे. शिवरायांनी आणि मावळ्यांनी या देवाला लाख चाफ्याची फुलं वाहिली असं गडावर सांगतात. सकाळच्या वेळी तळ्याच्या पायरीवर बसा, गाव जागं होताना दिसतं.

दुसरी पायरी: धान्य

आता गडाच्या मध्यावर, अंबरखान्याला. हा एकेकाळचा बालेकिल्ला, भोवती खंदक होता. इथे धान्याची तीन कोठारं आहेत: गंगा, यमुना आणि सरस्वती. नद्यांची नावं कोठारांना द्यावीत यातच सगळं आलं. वरी, नाचणी आणि भात मिळून इथे पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे असं सांगतात.

यातली गंगा कोठी सगळ्यात मोठी. आधी तिला बाहेरून पूर्ण फेरी मारा. दोन्ही अंगांनी वर छतावर जाणारे दगडी जिने आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे जिने कशाला? गच्चीवर हवा खायला? मग छतावर भोकं दिसतात आणि उलगडा होतो. बैलांवर आलेलं धान्य वर न्यायचं आणि त्या भोकांतून खाली ओतायचं. आतल्या प्रत्येक खणावर घुमट आहे आणि घुमटाच्या माथ्यावर एक भोक. म्हणजे कोठार वरून भरायचं आणि खालून काढायचं, आधी आलेलं धान्य आधी संपायचं. 

आत शिरल्यावर डोळे सरावायला मिनिटभर लागतं. मग वरच्या भोकांतून उतरलेले उजेडाचे खांब दिसतात. दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान ऊन उभं असताना ते सगळ्यात चांगले दिसतात, म्हणून अंबरखाना त्या वेळेला ठेवा. एखाद्या खांबाखाली उभं राहून वर बघा. तिथून डोक्यावर नाचणी पडते आहे अशी कल्पना करा, दिवसच्या दिवस, पावसाळ्याच्या आत भरून संपवायचं म्हणून घाई चालली आहे, कारकून मोजतो आहे. लढाईच्या गोष्टीत तलवारी येतात, पण चार महिन्यांचा वेढा सोसला तो या कोठारांच्या जिवावर.

जवळच धर्मकोठी आहे. तिथून गोरगरिबांना धान्य वाटत. इमारत साधी आहे, पाच मिनिटं लागतात. पण अंबरखान्यानंतर लगेच बघितली की भरलेल्या कोठाराला लागून वाटणारा हातही होता हे लक्षात राहतं.

जेवून घ्या

एवढं होईतो भूक लागलेली असते. पन्हाळ्यावर हॉटेलं आहेत, तिथे सगळं मिळतं. पण पहिल्या खेपेला झुणका-भाकरीच खा. गावात ठिकठिकाणी, झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीवर भाकरी करणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पीठ काठवटीत मळून, हातावर थापून, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवेपर्यंत त्यांचं तुमच्याकडे लक्ष नसतं. भाकरी फुगली की मग मान वर करून विचारतात, "कुठनं आलासा?" बरोबर झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा आणि दही. खर्डा पहिल्या घासाला बेतानं घ्या, कोल्हापूरकरांची तिखटाची सवय तुम्हाला असेलच असं नाही. "मावशी, दही अजून द्या" म्हटलं की मिळतं. दर आधी विचारून घेतला तर कुणाला वाईट वाटत नाही. घासाघीस मात्र करू नये, चुलीपुढच्या कष्टाचे पैसे आहेत ते.

रोख पैसे ठेवा. ढगांच्या दिवशी फोनला रेंज दगा देते आणि मग मावशीही अडकतात, तुम्हीही.

तिसरी पायरी: दरवाजे

दुपार कलल्यावर पुन्हा तीन दरवाज्याकडे. सकाळी मुद्दाम सोडलेला हा दरवाजा आता बघा, कारण तो पश्चिमेला तोंड करून आहे आणि उतरत्या उन्हात त्याच्यावरची नक्षी उठून दिसते. एकामागे एक दरवाजे आणि मध्ये चौक अशी रचना आहे. बाहेरचा दरवाजा फोडून आत आलेला शत्रू त्या चौकात सापडतो आणि वरून मारा होतो. आदिलशाहीत, इब्राहिम आदिलशहाच्या काळात हे काम झालं, तसा फारसी शिलालेख तिथे आहे. आतल्या चौकटीवर गणपती कोरलेला आहे, तो गड मराठ्यांकडे आल्यानंतरचा. एकाच दगडी चौकटीवर फारसी अक्षरं आणि गणपती. पन्हाळ्याचा इतिहास थोडक्यात बघायचा तर इथे पाच मिनिटं थांबावं.

वाघ दरवाजा हा तसाच डावपेचाचा. शत्रूला चिंचोळ्या चौकात घेऊन कोंडायचं, ही युक्ती इथेही आहे. माणसं कमी जातात, म्हणून मला तो आवडतो.

आणि चार दरवाजा. तुम्ही सकाळी ज्यातून आत आलात तो. दरवाजा दिसला का? नसेल दिसला, कारण तो नाहीच. १८४४ मध्ये इथल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यावर इंग्रजांनी गडाचा हा मुख्य दरवाजा पाडून टाकला. आज उरलेत ते थोडे अवशेष आणि त्यांच्यामधून जाणारा डांबरी रस्ता. बहुतेक लोकांना आपण एका पाडलेल्या दरवाज्यातून गेलो याची जाणीवही होत नाही. परत जाताना इथे बसमधून उतरून, निदान गाडीचा वेग कमी करून, एकदा बघा. जवळच शिवा काशिदांचा पुतळा आहे.

मग सज्जा कोठी, संध्याकाळी

गडाच्या पूर्व कड्यावर सज्जा कोठी. खाली खोल दरी, समोर मोकळा प्रदेश. संभाजीराजांचा या कोठीशी संबंध सांगतात. मोगलांकडून परत आल्यानंतर ते पन्हाळ्यावर होते, १६८० च्या जानेवारीत शिवराय त्यांना इथेच भेटले, आणि ३ एप्रिलला रायगडावर महाराज गेले तेव्हाही थोरले चिरंजीव या गडावरच होते. बाप-लेकाची ती शेवटची भेट. मार्गदर्शक मंडळी हा भाग घाईत सांगतात, तुम्ही सावकाश ऐका. नगरपरिषदेच्या गावात ओळखपत्र असलेले स्थानिक मार्गदर्शक मिळतात. एखाद्याला बरोबर घ्या आणि त्यांना सांगा, "आम्हाला घाई नाही." मग ते सांगतात त्या गोष्टीच वेगळ्या असतात.

वाटेत ताराराणींचा वाडा आहे. तिथे शाळा भरते, म्हणून वर्ग चालू असताना आत शिरू नका, बाहेरून बघा. पंतकवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गावात झाला, त्यांच्या नावाचं ग्रंथालय गावात आहे. वाचणाऱ्या माणसानं तिथे डोकवावं.

शक्य असेल तर रात्र काढा

एका दिवसात पाणी, धान्य, दरवाजे होतात. पण सहलीच्या गाड्या खाली गेल्यावरचा पन्हाळा वेगळा. सातच्या सुमाराला रस्ते मोकळे होतात, घरांतून फोडणीचे वास येतात, देवळातली घंटा ऐकू येते. राहायला साध्या लॉजपासून चांगल्या हॉटेलांपर्यंत सोय आहे. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीत आधी खोली धरून ठेवा. थंडीत स्वेटर हवाच, आणि पावसाळ्यात कोरडे मोजे जास्तीचे. अंधार पडल्यावर तटाच्या आडवाटांना एकट्यानं जाऊ नका. कडे उघडे आहेत आणि परिसरात बिबट्याचा वावर अधूनमधून असतो. गावातल्या रस्त्यानं जेवणानंतर फेरी मारायला काही हरकत नाही.

दुसरी सकाळ: राजदिंडी आणि नेबापूर

आदल्या दिवशी वेढा कसा सोसला ते बघितलं. आज तो कसा फोडला ते बघायचं.

सिद्दी जौहरनं मार्च १६६० मध्ये गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला. इंग्रजांचं निशाण त्या वेढ्यात फडकलं, आणि पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याचा हिशेब चुकता केला. पावसाळा लागला तरी सिद्दी उठेना. शेवटी आषाढ पौर्णिमेच्या, १२ जुलैच्या रात्री, भर पावसात महाराज गडाखाली उतरले. ज्या वाटेनं उतरले ती राजदिंडीची असं मानतात. दिंडी म्हणजे छोटा दरवाजा, माणूस वाकून जाईल असा. तिथे उभं राहून खालच्या उताराकडे बघा. पावसाळ्यात ओल्या दगडांवरून, मशालीशिवाय, पालखी खांद्यावर घेऊन. मग पुढे विशाळगडापर्यंत साठ किलोमीटरच्या आसपास वाट. मसाई पठारावरून, पांढरेपाण्याकडून घोडखिंडीपर्यंत. तिथे बाजीप्रभू आणि बांदल सेना पाठलागाची फौज अडवून उभी राहिली आणि तोफांचे आवाज येईतो हलली नाही. त्या खिंडीला आपण आज पावनखिंड म्हणतो. दर वर्षी जुलैत कितीतरी मंडळी ही वाट चालतात. पहिल्याच खेपेला तुम्ही चालू नका, आणि एकट्यानं तर नकोच. धुक्यात पठारावर वाट सापडत नाही. मसाई पठार बघायचंच असेल तर सप्टेंबरात, रानफुलांच्या दिवसांत, उजेडी जाऊन उजेडी परत या.

राजदिंडीनंतर गड उतरताना पायथ्याच्या नेबापूरला थांबा. हे शिवा काशिदांचं गाव. महाराजांसारखा दिसणारा हा माणूस त्या रात्री दुसऱ्या पालखीत बसला आणि सिद्दीच्या लोकांच्या हाती लागला, म्हणून खरी पालखी पुढे गेली. पुढे काय होणार हे पालखीत बसताना त्याला माहीत होतं. त्याची समाधी नेबापुरात आहे. गडावर जेवढी गर्दी असते त्याच्या दहावा हिस्साही इथे नसते.

चपला बाहेर काढा. फूल न्यायचं असेल तर वरूनच घेऊन उतरा, खाली दुकान सापडेलच असं नाही. कुणी गावकरी आजोबा तिथे बसलेले असतील तर नमस्कार करून शेजारी टेका. ते म्हणतील, "बसा की वाईच." बसा. कोल्हापूरची बस वाघबिळाच्या वळणावर थांबवता येते.